टाच भायर, पाव्हणं

दाजी, तुमचे बूट घालूनच हे लिहायला बसलोय. मोज्यांचे दोन जोड चढवलेत, तरी अंगठा आत मोकळा हिंडतो. दुकानात गिऱ्हाईक आलं की मी पाय टेबलाखाली ओढून घेतो. गेलेल्या माणसाचे जोडे घालून टीव्ही दुरुस्त करणाऱ्याकडे इंदापूरच्या पेठेत कोण सेट आणून देईल? बूट काढून ठेवले तर ते कोपऱ्यातून माझ्याकडे तोंड करून बसतात, म्हणून परत घालतो. सकाळपासून हेच चाललंय.

मी घाबरलोय, दाजी. तुम्हाला यात काही नवल वाटणार नाही. पण ही भीती नेहमीची नाही. नेहमीची असती तर ती सांगायला मी तुमच्याकडेच आलो असतो.

नेहमीची तुम्हाला पाठ होती. टीव्हीचा सेट उघडताना मी डावा हात खिशात घालतो. सेट बंद केला तरी पिक्चर ट्यूबमध्ये करंट बसून असतो. दोन्ही हात आत घातले तर तो एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हाताने बाहेर पडतो. माझ्या उस्तादाने मला पहिला धडा हाच दिला, आणि मी तो सगळ्या आयुष्याला लावून टाकला. एसटीत दाराजवळची सीट, लग्नात मांडवाच्या कडेची जागा, विहिरीत उतरायचं तर एक हात दोराला. तुम्ही पहिल्यांदा दुकानात आलात आणि माझा खिशातला हात बघून पोट धरून हसलात. "पाव्हणं, दुसरा हात कवा भायर काढणार? सरणावर?" सासरवाडीच्या माणसाची थट्टा करायचा तुमचा हक्क होता आणि तुम्ही तो कधी सोडला नाहीत.

अशा माणसाला तुम्ही दोन्ही पाय सायकलला अडकवून घ्या म्हणत होतात.

आपलं हे भांडण अर्धंच राहिलं. शेवटच्या रविवारीसुद्धा वरकुट्याच्या ओढ्यापर्यंत मी तुम्हाला सोडायला आलो, तेव्हा तुम्ही सायकलवर बसल्या बसल्या टाच वळवून पाय काढून दाखवलात, परत अडकवलात, आणि म्हणालात, "बघा. हाय का काय? पोरगं बी करंल." मी म्हणालो, "पोरगं करंल, मी न्हाय करणार." तुम्ही हात हलवलात आणि कळसच्या रस्त्याला लागलात. मी घरी येऊन भाकरी खाल्ली.

त्या सायकलवरून आमच्या घरात आधीपासूनच कुरबुर होती. कऱ्हाटीचा बागायतदार, टोमॅटो आणि दोडक्याचा नावाजलेला माल काढणारा, आणि तो आठवडाभर रानात राबून रविवारी बारामतीच्या कुठल्या कॉलेजच्या पोराकडून घेतलेल्या वाकड्या हँडलच्या सायकलवर बसतो, बारामती करतो, कळस करतो, वरकुट्याला सासऱ्याच्या दारात येऊन पाणी पितो आणि त्याच दिवशी परत जातो. आमचे आबा तर तोंड फिरवून बसायचे. "लोकाचं जावई मोटारसायकलवर येत्यात. आमचं चड्डीवर येतंय." पण तुम्ही आलात की डोणीत ताजं पाणी भरून ठेवायला तेच सांगायचे, कारण तुम्ही आल्या आल्या मेंढरांच्या त्या दगडी डोणीत पाय सोडून बसायचात हे त्यांना माहीत होतं.

कारण तुमचे पाय जळायचे. बारामती मागे पडली की चवड्याखाली सुरू व्हायचं. बोटांच्या मुळाशी आधी मुंग्या, मग आग. तुमच्या पॅडलला पुढे लोखंडी पिंजरा होता आणि वर कातडी पट्टा. पट्टा आवळला की रक्त अडायचं, सैल केला की पाय घसरायचा. उतरल्यावर तुम्ही अंगणात पाय झटकत नाचायचात आणि आमच्या आईला वाटायचं जावयाला विंचू चावला. रात्री कऱ्हाटीला परत गेल्यावर अक्का काशाच्या वाटीने तुमचे तळवे घासायची. माझी थोरली बहीण माहेरी कधी कोणाच्या पायाला हात लावणारी नव्हती, आणि तुमच्या घरी वाटीची कड झिजेपर्यंत तिने तुमचे तळवे घासले. तीच एके दिवशी वैतागून म्हणाली, "त्या पिंजऱ्यानं तुमचं पाय नासलं. दुसरं काय तरी निघालं असंल की जगात. जावा पुण्याला, बघून या. सुभाषला घिऊन जावा, त्याला यंत्रातलं कळतंय."

हे तिचं वाक्य लक्षात ठेवा, दाजी. पुढे ते तिच्या गळ्यात अडकलं.

पुण्यातल्या त्या दुकानात आपण गेलो तेव्हा मालकाने काचेच्या कपाटातून पॅडलचे दोन जोड काढले. एक लहान, सुपारीच्या अडकित्त्याएवढा. दुसरा रुंद, पसरट. बुटाच्या तळाला एक पट्टी बसवायची, ती पॅडलमध्ये दाबली की टक् करून बसते, आणि टाच बाहेर वळवली की सुटते. मी लहान जोडाच्या बाजूने होतो. त्याच्या बुटात पट्टी तळाच्या खाचेत लपते, माणूस चालू शकतो, पळू शकतो. माझं सगळं लक्ष पळण्यावर. तुम्ही ऐकून घेतलंत आणि दोन्ही पॅडल फरशीवर ठेवून, काउंटरला धरून, अनवाणी एकेकावर उभे राहिलात. दुकानातली गिऱ्हाइकं बघत होती. लहानावर उभे राहिलात आणि तोंड वाकडं केलंत. "ह्यो एकाच जागी टोचतोय." मग रुंदावर. बराच वेळ उभे राहिलात. "ह्यो पायाला वाटून घेतोय." मालक म्हणाला, बरोबर आहे, दाब पसरतो, बुटाचा तळ कडक असेल तर आणखी पसरेल. तुम्ही रुंद घेतलात. बूट मात्र मिळाला नाही. सगळे पुढे निमुळते, आणि तुमचा पाय पाटाच्या पाण्यात अनवाणी राबून भाकरीसारखा पसरलेला. एकही बूट चढेना.

पण घरी मोकळ्या हाताने कोण जाणार? तुमची वहाण होतीच, चांगली तीन थरांची. बारामतीत आपण ती बसवून घेतली. मधे पत्र्याचा तुकडा, वर आणखी एक कातडं, खाली ती पट्टी. आपल्या दोघांना वाटलं, युरोपातल्या लोकांना हे का सुचलं नाही.

पुढच्या रविवारी बारामतीच्या भाजी मार्केटच्या फाटकावर काय झालं ते तुम्ही जन्मभर सांगत राहिलात, म्हणून मीही सांगतो. तुम्ही थांबलात, टाच वळवलीत. पायाची टाच वळली, वहाणेची वळली नाही. पाय सुळकन बाहेर आला आणि वहाण पॅडललाच चिकटून राहिली. दुसरीही तशीच. तुम्ही फाटकात अनवाणी, आणि तुमच्या दोन्ही वहाणा सायकलवर स्वार. हमाल, अडते, कोथिंबिरीच्या जुड्या मांडणाऱ्या बाया, सगळं मार्केट हसलं. कोणीतरी ओरडलं, "बबनराव, जोड्याला तिकीट काढा!" तुम्ही सगळ्यांत मोठ्याने हसलात. ही गोष्ट कऱ्हाटीपासून कळसपर्यंत पोचली. माझ्यासकट सगळ्यांनी ती चवीने सांगितली.

नंतर पुण्याच्या मालकाने मोठ्या मापाचा, पुढे रुंद असलेला बूट मिळवून दिला. पट्टी आपण बोटांच्या मुळापासून थोडी मागे सरकवली. त्या रविवारी तुम्ही वरकुट्याला आलात आणि डोणीकडे गेलाच नाहीत. आबा डोणीशेजारी उभे होते, त्यांना कळेना. तुम्ही ओट्यावर बसून पाय हलवत म्हणालात, "चवडा गप बसलाय, आबा." आबा म्हणाले, "मंग आता काय, लगीन लावायचं का त्याचं?" पण ते हसत होते. अक्काने त्या आठवड्यात काशाची वाटी घासूनपुसून फडताळात ठेवली.

मग आपलं स्क्रूचं भांडण सुरू झालं. पॅडलच्या मागे एक बारीक स्क्रू आहे. तो आवळला की पाय घट्ट बसतो, सैल केला की चटकन सुटतो. मी माझ्या टीव्हीच्या स्क्रूड्रायव्हरने तो सैल करायचो. तुम्ही म्हणायचात, चढाला उभं राहिलं की पाय निसटतो, आवळा. मी सैल करायचो. तुम्ही शिव्या द्यायचात. मला अंगणात सायकलवर बसवून, सीट धरून, तुम्ही ओरडायचात, "टाच भायर, पाव्हणं! टाच भायर!" आणि एक पाय टक् करून बसला की मी सायकलसकट तुमच्या अंगावर पडायचो. तुम्ही पडल्या पडल्या हसायचात. मला खरंच वाटायचं की तो टक् म्हणजे कोणीतरी बाहेरून कडी लावली.

त्या शेवटच्या रविवारी भाकरी खाऊन मी दुकानात आलो आणि फोन आला. शेजारच्या एसटीडी बूथवाल्याने हाक मारली. पलीकडचा माणूस म्हणाला, कळसच्या पुढे तुमचे पाहुणे सायकलवरून पडलेत, जीपने दवाखान्यात आणलेत. मी धावलो. डॉक्टर म्हणाले, हार्ट. आणायच्या आधीच संपलं होतं. तुमच्या अंगावर पांघरूण होतं आणि पाय बाहेर होते. अनवाणी. मोजे होते, बूट नव्हते.

दाजी, ते बघून माझ्या मनात जे आलं ते मी कोणाला सांगितलं नाही. पण मला सांगायची गरजच पडली नाही. कऱ्हाटीत तुम्हाला आणलं, तोपर्यंत ज्याने त्याने जोडून टाकलं होतं. पाय अडकले. माणूस सायकलसकट आडवा झाला. लोकांनी बूट तसेच पॅडलमध्ये सोडून पाय ओढून काढले, जसं त्या दिवशी मार्केटात वहाणा राहिल्या होत्या. ज्या गोष्टीवर सगळी बारामती हसली होती तीच आता लोक तोंडाला पदर लावून सांगत होते. "छातीत आलं तवा उतरता आलं असतं तर वाचलं असतं बिचारं. पन पायच सुटलं न्हाईत."

अक्का यातलं सगळं ऐकत होती. ती रडत नव्हती, त्याची मला भीती वाटत होती. दहावा झाला, नदीवरून सगळे परतले, तेव्हा तिने मला गोठ्याच्या मागे बोलावलं. मग म्हणाली, "सुभाष, मीच म्हणले व्हते ना, पुण्याला जावा म्हणून?"

मी म्हणालो, "अक्का, हार्ट होतं. डॉक्टरांनी लिहून दिलंय."

"ते ठावं हाय मला. मी येवढंच इचारते. त्यांचं पाय सुटलं व्हतं का न्हाय?"

मला माहीत नव्हतं. आणि दाजी, मला माहीत करून घ्यायचं नव्हतं. तिथे जाऊन विचारलं आणि कोणी म्हणालं, नाही सुटले, तर ते मी तिच्यापाशी कसं आणणार होतो? तिची उरलेली सगळी वर्षं मला दिसली.

तेराव्याच्या तयारीत विषय निघाला. चपला आणि छत्री द्यायची असते. पुढच्या वाटेवर गेलेल्या माणसाच्या पायाला चटके बसू नयेत म्हणून. तुमचे चुलते, तात्या, म्हणाले बारामतीहून नवा जोड आणू. अक्का म्हणाली, "नव्या चपला चालायच्या न्हाईत त्यांना. त्यांचं पाय दुखायचं. त्यांचंच बूट द्यायचं."

तात्या म्हणाले, "आगं, ज्या बुटानं घात क्येला त्यो बूट दान करत्यात व्हय? आन् घेनार कोन? खाली लोखंड मारलेला जोडा कुनाच्या उपेगाचा?"

"सुभाष घील," ती म्हणाली. "त्यो घालून चालवंल. दिल्यालं वापराया पायजे, तवाच त्यांच्या पायाला लागंल." आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "बूट बी तिकडंच हायत आन् सायकल बी. जा, घिऊन ये. टेंपोत घालून आनू नको. त्यांची वाट अर्धी राह्यलीया, ती पुरी कर."

त्या सायकलवर बसायची मला हिंमत नव्हती. पण तिला नाही म्हणायची हिंमत मला आणखी कमी होती.

मी एसटीने कळसच्या पुढे उतरलो. जीपवाल्यांनी सांगितलेली वस्ती रस्त्याला लागूनच होती. बाभळी, मेंढरांचा वाडा, दोन खोल्या. म्हातारी बायजाबाई कोकराला बाटलीने दूध पाजत होती. माझं नाव-गाव सांगितल्यावर ती म्हणाली, "वरकुट्याचं व्हय? आमची मेंढरं पयलं तिकडंच बसायची." तिने पाणी दिलं. सायकल खोलीत उभी होती, मेंढरांनी चाटू नये म्हणून तिने घोंगडं टाकलं होतं. बूट वर फळीवर ठेवले होते.

मी ते खाली घेतले. विचारायचं ते मी पुढे ढकललं. मी बुटाला लागलेली माती काढत बसलो. पट्टी तपासली. पॅडल तपासलं. मागचा स्क्रू बघितला आणि तिथे मला पहिल्यांदा रडू आलं, कारण तो सैल होता. मी शेवटचा जिथे ठेवला होता तिथेच. माझ्याशी इतके भांडलात, शिव्या दिल्यात, आणि मी गेल्यावर परत आवळलाच नाहीत.

म्हातारीला वाटलं मी तुमच्यासाठी रडतोय. तेही खरंच होतं. ती आपणहून बोलायला लागली. "तवा मी हितंच व्हते बाबा. लांबून त्यांना येताना बघितलं. सायकल हळू झाली. मंग उतरलं."

"उतरले?" मी म्हणालो. "पडले नाहीत?"

"पडतील कशापायी? पाय काडला, खाली टेकला, दुसरा काडला. त्या बाभळीला सायकल लावली. मंग खाली बसून बूट काडलं, शेजारी शेजारी ठिवलं, देवळात जाताना ठिवत्यात तसं. मला म्हनलं, मावशी, वाईच पानी देता का. मी तांब्या भरून न्येला. त्यांनी चूळ भरली, दोन घोट घ्येतलं. मी म्हनलं, बाबा, पाय दुखत्यात व्हय? तर हसलं. म्हनलं, न्हाय मावशी, पाय येकदम गप हायत. हितं जरा जड झालंय. आन् छातीवर हात ठिवला. मी मुलाला हाक मारली, तवर त्यांनी बाभळीला मान टेकवली." तिने कोकराच्या तोंडातली बाटली काढली. "मंग जीप आली, लोकं आली. मला कुनी काय इचारलंच न्हाय."

मी त्या बाभळीखाली जाऊन बसलो. अक्कासाठी मला एवढं हलकं वाटलं की सांगता येत नाही. आणि त्याच वेळी, दाजी, मला आयुष्यात कधी वाटली नव्हती एवढी भीती वाटली. पाय अडकले होते म्हणून गेलात, असं असतं तर मला निदान काय करायचं नाही ते कळलं असतं. पॅडलला हात लावायचा नाही, संपलं. पण तुमचे दोन्ही पाय मोकळे होते. हात मोकळे होते. सावली होती, पाणी होतं, माणूस शेजारी होतं. तरी गेलात. मग मी एवढी वर्षं खिशात हात घालून कशापासून वाचत होतो?

तिथून हलायला मला वेळ लागला. मोज्यांवर मोजे चढवले, बूट आवळले. उजवा पाय दाबला. टक्. कडी लागली. म्हातारीने मागून सीटला हात लावला आणि दोन पावलं ढकललं, आणि डावा पाय आपोआप बसला. टक्. आता मी पुढे जायलाच बांधील होतो.

पुढचं तुम्ही ऐकलं असतं तर हसून लोळला असतात. मी थांबलोच नाही. थांबायचं म्हणजे पाय काढायचा आणि तो निघाला नाही तर, या एका विचाराने मी चालवत राहिलो. उसाच्या बैलगाड्या दिसल्या की लांबूनच घंटी वाजवायचो. गाडीवान शिव्या द्यायचा, मी हात जोडायचाही धीर करत नव्हतो. छातीत धडधडत होतं. ते भीतीने की दमाने, की तुमचं जे झालं तेच माझ्यात सुरू झालंय, काही कळेना. बारामतीच्या चौकात पोलिसाने हात दाखवला आणि मी थांबायच्या ऐवजी डावीकडे वळून गल्लीतून फिरून परत त्याच चौकात आलो, तोवर त्याने सोडलं होतं. तुमच्या मार्केटच्या फाटकावरून गेलो. चहाचा गाडा दिसला, तुम्ही जिथे अर्धा कप जास्त मागून घ्यायचात तो. जीभ कोरडी पडली होती, तरी थांबलो नाही. पण एक सांगतो. बारामती मागे पडली, आणि मी वाट बघत होतो की आता चवड्याखाली आग सुरू होईल. झाली नाही. पट्टी तुमच्या मापाने मागे सरकवलेली होती. माझा पाय तुमच्यापेक्षा लहान, तरी त्यालाही पुरली. भीतीने अर्धमेला झालेल्या माणसाचे पाय गप होते.

कऱ्हाटीचं वळण आलं आणि मला कळलं की आता थांबावंच लागणार. अक्का ओट्यावर होती. सायकल दिसताच ती उठून सरळ अंगणाच्या मधोमध येऊन उभी राहिली. मी ओरडलो, "अक्का, बाजूला हो! बाजूला हो!" ती हलली नाही. तिचे डोळे माझ्या तोंडाकडे नव्हतेच. ती माझ्या पायांकडे बघत होती.

तेव्हा मला तुमचा आवाज आठवला. मी टाच बाहेर फेकली. टक्. पाय मातीला लागला. मी पडलो नाही.

तात्या ओट्यावरून काहीतरी म्हणाले, अक्काने हाताने त्यांना गप केलं. जवळ येऊन म्हणाली, "परत कर."

एक पाय मातीवर ठेवून मी दुसऱ्या, अजून अडकलेल्या पायाकडे आलो. टाच वळवली. टक्.

"परत."

अडकवला, काढला. ती कान देऊन ऐकत होती. मग ती खाली बसली, पॅडलशेजारी मातीत, आणि म्हणाली, "आता अडकीव आन् तू काय करू नको." मी अडकवला. तिने माझी टाच तळहातात धरली. तुमचे तळवे घासणारा तोच हात. तिने टाच हळूच बाहेर वळवली. काही जोर लागला नाही. टक्. माझा पाय तिच्या हातात सुटा झाला.

ती तशीच धरून बसली. मी तिला सगळं सांगितलं. बाभळ सांगितली, शेजारी शेजारी ठेवलेले बूट सांगितले, चूळ भरली ते सांगितलं, पाय गप हायत म्हणालात ते सांगितलं. ती म्हणाली, "गप हायत म्हनलं?" मी म्हणालो, हो. मग ती माझ्या पायावर डोकं ठेवून रडायला लागली, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, आणि मी एक पाय मातीवर आणि दुसरा तिच्या हातात अशा अवस्थेत तिच्या पाठीवर हात फिरवत उभा राहिलो. दोन्ही हातांनी.

तेराव्याला तिने बूट माझ्या ओंजळीत दिले. तात्यांनी कुरकुर केली नाही. छत्री त्यांनीच आणली होती.

आता तुमची सायकल माझ्या दुकानाच्या मागच्या भिंतीला उभी आहे. रविवारी वरकुट्याहून कऱ्हाटीला जायचं आहे. अक्काने सांगितलंय, दिलेलं वापरलं नाही तर तुमच्या पायाला चटके बसतील. मला ते खरं वाटत नाही, पण खोटं म्हणायलाही भीती वाटते. छातीवर हात ठेवून ठोके ऐकतो, बरे वाटतात, मग तेवढ्यासाठी जास्त वेळ ऐकत बसतो. डॉक्टरांना दाखवून आलो. ते म्हणाले, काही नाही, सायकल चालवा.

स्क्रू मी तुमच्या मनासारखा थोडा आवळायचं म्हटलं होतं. स्क्रूड्रायव्हर हातात घेतला आणि ठेवून दिला. भांडण आहे तसं राहू द्या.

या वेळी बारामतीत थांबायचं ठरवलंय, त्या चहाच्या गाड्यावर. टाच बाहेर काढीन. निघाली तर निघाली. नाही निघाली तर सगळ्या बाजारासमोर सायकलसकट आडवा पडेन, आणि पडल्या पडल्या मान वळवून बघेन, आणि हसायला तुम्ही नसाल. दाजी, मला सगळ्यांत जास्त भीती त्याचीच वाटते.